दोरी बांधलेला टेकू

मी एक जुना लोखंडी टेकू आहे. मित्रांनो, एका नळीत दुसरी नळी, मध्ये जाड खीळ आणि उंची कमीजास्त करायला आटे, एवढाच माझा देह. भिंत पाडताना वरचं छत तोलून धरायचं, हे माझं काम. पाडकाम करणाऱ्या मावशींकडे मी वीस वर्षं काढली. "आधी टेकू, मग घण," असं त्या मजुरांना बजावत, तेव्हा मला फार अभिमान वाटे.

एकदा बँकेतल्या एका कारकुनाने त्यांना घरी बोलावलं. त्याला स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एक करायची होती. मावशींनी मधल्या भिंतीवर टकटक केलं, वर पाहिलं.

"दादा, फरश्या काढा, कपाटं उखडा, ते तुम्हाला जमेल. या भिंतीला मात्र हात लावू नका. वरची खोली हिच्यावर उभी आहे."

"अहो, सगळं व्हिडिओत बघितलंय मी. एका रविवारचं काम!"

मावशींना राहवेना. मला अंगणात ठेवत त्या म्हणाल्या, "निदान सुरू करण्याआधी फोन करा. मी येऊन हा लावून देते."

कारकुनाने मला कुंपणाशी उभं केलं आणि कपडे वाळत घालायला दोरी बांधली!

रविवारी सकाळी आतून घणाचे घाव ऐकू आले. थोड्याच वेळात कडाड् आवाज झाला. मी लोखंडाचा, तरी हादरलो. वरच्या खोलीत त्याचे सासरे होते, वर्षभर अंथरुणाला खिळलेले.

"अहो, बाहेर या! छत खाली येतंय!" त्याची बायको किंचाळली.

कारकून अंगणात आला. चेहरा धुळीने पांढरा की भीतीने, कळेना. "बाबा वर आहेत," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

बायकोने मावशींना फोन लावला. मावशी टेम्पोत मजूर आणि आणखी टेकू घेऊन पोचल्या, तोवर छताला हातभर भेग पडली होती. त्यांनी मला खेचलं. ओले कपडे मातीत पडले.

"कोणी आत यायचं नाही," म्हणत त्या एकट्याच शिरल्या. भेगेखाली फळी, फळीखाली मी. त्यांनी आटा फिरवला आणि सगळं ओझं एकदम माझ्या डोक्यावर आलं. इतका घाबरून मी कधीच उभा राहिलो नव्हतो. शेजारी आणखी चार टेकू लागले, तेव्हा कुठे मजुरांनी बाहेरच्या जिन्याने सासऱ्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं.

"जावईबापू, भूकंप झाला का हो?" त्यांनी अडखळत विचारलं.

कारकून त्यांच्या खुर्चीपाशी पायरीवर बसला. "नाही बाबा. मी केला."

खोली वाचली, पण फरशीला उतार आला तो आलाच. नवी तुळई बसेपर्यंत मी तिथेच उभा होतो. कारकून जाता-येता माझ्यावर हात ठेवी.

मित्रांनो, स्वतःच्या हातांनी जरूर काम करा. खिळे उपटा, रंग खरवडा, रोपापुरता खड्डा खणा. पण भिंत पाडायची असेल, घराच्या पायाशी खणायचं असेल, तर जाणत्या माणसाला बोलवा आणि त्याचं ऐका. घण उचलण्याआधी वर कोण झोपलंय, तेवढं तरी बघून या.