बाविसावं वजन

कॉलेजच्या इंटर्नशिपला आम्रपालीच्या मैत्रिणी कुणी बँकेत गेल्या, कुणी एमआयडीसीतल्या लॅबमध्ये. तिला मिळाली पोलादपूरजवळची आमची अंगणवाडी; मी तिथली सेविका. पहिल्याच दिवशी माझ्या कडेवरच्या लेकीकडे, इरावतीकडे बघत ती म्हणाली, "ताई, इथं शिकायचं काय?"

तिच्या प्रकल्पाला बावीस मुलांची वजनं हवी होती. शेवटच्या दिवसापर्यंत एकवीस झाली. चंपाबाई मात्र नऊ महिन्यांच्या नातवाला काट्यावर ठेवू देईनात.

"वजन केलं की दृष्ट लागते गो. पोर सुकतं."

"आजी, माझी फाइल अपुरी राहील. सर सही करणार नाहीत."

"तुझ्या फायलीपायी माझा नातू तोलू? नाय म्हंजे नाय."

मी समजवायला पुढे होणार, तेवढ्यात आम्रपाली चपला काढून मोठ्यांच्या काट्यावर उभी राहिली. "मग माझं तरी बघा. बेचाळीस. आता बाळाला जरा कडेवर घेऊ? वजन माझंच करतेय."

चंपाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत निरखलं. "तुझंच ना? मग घे. नुसती काडी हायस, तुला कोण दृष्ट लावतंय!"

काट्यावर पन्नास आलं. आम्रपालीने कागदावर आठ किलो लिहिलं, पण बाळाला परत द्यायच्या आधी त्याची टाळू हुंगली.

अहवालात शेवटी एक रकाना होता, 'काय शिकलात?' तिने लिहिलं, 'वजाबाकी.' इरावतीला मांडीवर थोपटत मी त्याखाली सही केली.