हौश्या आणि चांद्याची सुट्टी

धुळ्याच्या बोली संग्रहात नर्मदाबाईंचं काम ऐकण्याचं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांची गाणी आणि बोलणी ध्वनिमुद्रित करत, कचेरीत आल्या की ती ऐकत आणि वहीत उतरवत. वय अडुसष्ट होतं आणि कान शाबूत होते. अहिराणीतला कुठला शब्द कुठल्या गावापासून बदलतो ते त्यांना बसच्या थांब्यांसारखं पाठ होतं.

ही सगळी ध्वनिमुद्रणं एका काळ्या पेटीत साठत. पेटीत चार डिस्क होत्या. कागदोपत्री तिचं नाव नॅस होतं, पण कचेरीत सगळे पेटीच म्हणत. पेटीतल्या प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत जळगावच्या शाखेत असायला हवी, असा नियम होता. प्रत पोचवायला मध्ये दोन संगणक ठेवले होते. पेटीत नवं काय आलंय ते त्यांनी हुडकायचं, वाचायचं आणि जळगावला धाडायचं. त्यांना प्रॉक्सी म्हणतात, हे ऐकून नर्मदाबाईंना पहिल्या दिवशी जरा वाईट वाटलं होतं. त्यांच्या वर्गात प्रॉक्सी म्हणजे दुसऱ्याच्या नावानं 'हजर' म्हणणारा कार्टा, आणि त्याला त्या बाकावर उभं करत.

संगणकांचं सगळं लीलाधर बघायचा. तो सावद्याचा, केळीवाल्यांच्या घरातला. वडिलांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा घरची शेवटची बैलजोडी विकली होती. तिची नावं त्यानं प्रॉक्सींना दिली, हौश्या आणि चांद्या. पडद्यावर ती तशीच दिसत. 'हौश्या – काम चालू. चांद्या – काम चालू.'

"दोन कशाला लागतात?" बाईंनी विचारलं होतं.

"एकाची डागडुजी निघाली की त्याला विश्रांतीवर टाकायचं, बाई. तेवढा वेळ दुसरा ओढतो. दोघांना एकदम कधी सोडायचं नाही, एवढं लक्षात ठेवा."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. पोळ्याला लीलाधर रजेवर जाणार होता, म्हणून त्यानं पडद्याची किल्ली, म्हणजे पासवर्डही, त्यांच्याकडे दिली. घरी बैल नसले तरी तो दर पोळ्याला सावद्याला जायचा. ट्रॅक्टरला झूल घालत.

पोळ्याच्या दिवशी कचेरीत नर्मदाबाई एकट्याच होत्या. दहा वाजता त्यांनी पडदा उघडला. 'हौश्या – काम चालू. चांद्या – काम चालू.'

त्यांनी पडदा मिटला, वही उघडली, आणि पुन्हा पडदा उघडला.

त्यांच्या लहानपणी गावातल्या एकानं पोळ्याला बैल जुंपले होते. मुद्दाम नाही, विहिरीवर नडलं होतं म्हणून. गाव दिवाळीपर्यंत त्याच्याशी बोललं नाही. नर्मदाबाईंच्या वडिलांनी तर त्याच्या बांधावरून जाणंही सोडलं. बांध सोडून लांबून जायचं म्हणून आईला डोक्यावर भाकरी घेऊन अर्धा कोस जास्त चालावं लागायचं. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती.

संगणक म्हणजे बैल नव्हे, हे बाईंना कळत होतं. त्यांनी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. त्यांनी हौश्यावर बोट टेकवून 'विश्रांती' निवडली. मग चांद्या एकटा ओढताना दिसू लागला. तो एकटा राबतोय आणि जोडीदार गोठ्यात, हे तर अगदीच वाईट दिसत होतं. त्यांनी चांद्यालाही सोडलं. दोन्ही खोक्यांना हळदीकुंकू वाहिलं, डब्यातली पुरणपोळी पुढे ठेवली आणि मग स्वतः खाल्ली.

सोडलेला बैल रात्रभर सुटाच ठेवायचा, सकाळी जुंपायचा. पण सकाळी नर्मदाबाई पहिल्या बसनं अक्काकडे गेल्या.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण भिकुबाई. वय शहाऐंशी, साक्रीच्या वाटेवरच्या गावात राहायची. पोळ्याला बैल ओवाळताना म्हणायचं एक गाणं तिला येत होतं. ते त्यांच्या आईचं. ते पूर्ण येणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. बाई तीन वर्षं मागे लागल्या होत्या आणि अक्का तीन वर्षं नाही म्हणत होती. त्या दिवशी तिनं ते म्हटलं. बावीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण झालं. दुपारी कचेरीत येऊन बाईंनी ते पेटीत घातलं आणि ध्वनिमुद्रणाच्या लहान यंत्रातली चिप पुसली. चिपा दोनच होत्या. जळगावची हिरवी खूण दिसल्याशिवाय चिप पुसू नये असाही एक नियम होता, पण बाईंच्या मते पेटीत गेलं म्हणजे गेलं.

पडद्यावर लाल काही नव्हतं. 'प्रतीक्षेत' असं राखाडी अक्षरांत लिहिलं होतं. प्रतीक्षेत असण्यात बाईंना वावगं काही दिसलं नाही. लीलाधर रजेवरून परस्पर जळगावच्या शाखेत कामाला गेला आणि तिथंच थांबला. बिघाड झाला की त्याला मेल येत असे, आणि बिघाड तर नव्हताच. मेल आला नाही म्हणजे सगळं बरं, असं धरून तोही निवांत होता.

आठव्या दिवशी अक्काला अर्धांगवायू झाला. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

एकोणिसाव्या दिवशी पेटी वाजू लागली.

लीलाधर सकाळच्या गाडीनं जळगावहून आला. त्यानं पेटीला कान लावला. "एक डिस्क गेली. एक गेली तर चालतं. ही दुसरीही जातेय, तिचा आवाज आहे हा. हरकत नाही, जळगावला प्रत आहेच." मग त्यानं पडदा उघडला.

"बाई, दोन्ही विश्रांतीवर आहेत."

"मी सोडले."

"काय सोडले?"

"बैल."

"कधी?"

"पोळ्याला."

लीलाधर खुर्चीत बसला. बाई उभ्याच राहिल्या, बाकावर उभं केल्यासारख्या.

"आणि पुन्हा जुंपले नाहीत."

"इसरी गयी," बाई म्हणाल्या. कचेरीत त्या सहसा अहिराणी बोलत नसत.

"सकाळी जुंपायचं हेसुद्धा ज्याला कळत नाही, त्याच्या घरी बैल देऊ नयेत, असं आमचे आबा म्हणायचे," लीलाधर म्हणाला. मग म्हणाला, "नावं मीच ठेवली म्हणा. एक-दोन म्हटलं असतं तर तुम्ही सोडलं नसतं."

"नसतं."

पोळ्यानंतरची अकरा ध्वनिमुद्रणं फक्त त्या पेटीत होती. दोन्ही प्रॉक्सींनी एकदम वाचायला घेतलं तर डिस्क तासाभरात बसेल, असं लीलाधर म्हणाला. म्हणून चांद्या विश्रांतीवरच राहील, हौश्या एकटा चालेल, आणि तोही एका वेळी एकच फाईल घेईल. किती निघतील ते सांगता येत नव्हतं.

"तारखेनं घेतो. पहिली भिकुबाईंची येते."

बाईंनी यादी बघितली. अकरातले नऊ जण धडधाकट होते. त्यांच्याकडे परत जाता आलं असतं. उरलेले दोघे, अक्का आणि तोताराम. तोताराम बाजरी राखणारा म्हातारा होता. पाखरं उडवायच्या सोळा तऱ्हेच्या हाका त्यानं दीड तास मारून दाखवल्या होत्या आणि त्यानंतर चौथ्या दिवशी तो वारला होता. त्याची लेक पुनम दर सोमवारी फोन करायची. बाबाचा आवाज कधी मिळेल विचारायची.

"तोताराम आधी घ्या, लीलाधरभाऊ."

"दीड तासाची आहे ती, बाई. पेटी तेवढी टिकेलच असं नाही."

"अक्का आहे अजून. तोताराम नाही."

"अक्कांचा आवाज..."

"घ्या म्हटलं ना."

हौश्यानं तोताराम उचलला. पेटी टकटक करत होती. बाईंनी चहा मागवला आणि प्यायल्या नाहीत. पन्नास मिनिटांनी तोताराम जळगावला पोचला आणि हिरवी खूण आली. मग अक्का. दहा टक्के, तीस टक्के. बाई पडद्याकडे न बघता भिंतीवरच्या तालुक्यांच्या नकाशाकडे बघत होत्या. साठ टक्क्यांच्या पुढे टकटक थांबली. फार शांत वाटलं.

"गेली," लीलाधर म्हणाला.

दोन दिवस खपून त्यानं अक्काच्या फाईलचा आलेला तुकडा ऐकण्याजोगा केला. बावीसपैकी चौदा मिनिटं होती. बाईंनी ती कचेरीत ऐकली नाहीत. यंत्रात घालून पहिल्या बसनं निघाल्या.

अक्का बाजेवर होती. बाईंनी यंत्र उशाशी ठेवून चालू केलं.

"तोंडले काय लाई ऱ्हायनी?" अक्काचा आवाज म्हणाला, खणखणीत. "मी काय बाजारनी म्हैस शे, दात मोजाले? पहिले च्या ठेव. साखर कमी टाकू नको, तुना हातले कायमना कंजूसपना शे."

बाजेवरच्या अक्कानं डोळे उघडले. तोंडाची डावी बाजू हसली. पुढची बारा मिनिटं अक्का नर्मदाबाईंच्या चहाला, चपलांना आणि शिकवण्याला नावं ठेवत होती. मध्ये एकदा कप आपटल्याचा आवाज आला. शेवटी ती खाकरली. "आते आयक," म्हणाली, आणि एक ओळ म्हटली. ती संपता संपता ध्वनिमुद्रण संपलं.

खोलीत आवाज चालूच होता. अक्काचा डावा हात बाजेच्या दांडीवर ठेका धरत होता. थांबला नव्हता.

नर्मदाबाईंनी घसा साफ केला. आईमागे उभं राहून साठ वर्षांपूर्वी ऐकलेलं जे आठवलं ते त्या म्हणू लागल्या. दुसऱ्या ओळीला हात दांडीवर जोरात आपटला. चुकलं होतं. बाईंनी दुसरा शब्द घालून बघितला. पुन्हा आपटला. तिसऱ्या शब्दाला ठेका पुढे सरकला.

असं संध्याकाळपर्यंत चाललं. अक्कानं दोनदा चहा मागितला, डोळ्यानं. दोन्ही वेळा साखर कमी आहे असं तोंड केलं. यंत्र सगळा वेळ चालू होतं.

कचेरीत नवी पेटी यायला चार दिवस लागले. उरलेल्या नऊ जणांकडे बाई त्या थंडीत पुन्हा जाऊन आल्या. मागच्या खेपेला काय बिघडलं होतं, असं त्यांतल्या सात जणांनी विचारलं, आणि बाईंनी सातही जणांना पोळ्याचं खरं सांगितलं. एकालाही त्यात चूक दिसली नाही. जुंपायला विसरायला नको होतं, एवढंच म्हणाले.

पडद्याशेजारी लीलाधरनं कागद चिकटवला. 'पोळा : सकाळी हौश्या, दुपारी चांद्या. एका वेळी एकच.' खाली बाईंची सही घेतली.

अक्काच्या बाजेशी त्या संध्याकाळपर्यंत भरलेली चिप मात्र बाईंनी हिरवी खूण दिसल्यावरही पुसली नाही. ती त्यांच्या कुंकवाच्या डबीत आहे.