चौदा आणि एकतीस नंबरच्या डब्या

प्रयोगशाळेत तिला सगळे काटेताई म्हणत. नवीन आलेल्या माणसाला ते आडनाव वाटे, आणि कुणी तसं लिहिलं तरी ती दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसे. खरं आडनाव निराळंच होतं. काटेकोरपणातले ते काटे. ग्रॅमचा हजारावा भाग इकडचा तिकडे झाला तरी ती पुन्हा पहिल्यापासून वजन करायला बसे. समोर कुणी घाई करत उभं असलं, तर जरा जास्तच सावकाश.

सुरकुत्या घालवतो म्हणणारी जी नवी नवी क्रीमं बाजारात जायच्या आधी त्यांच्याकडे येत, त्यांत सांगितलेला मुख्य घटक खरंच आहे का, किती आहे आणि किती दिवस टिकतो, हे तपासायचं तिचं काम. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. घरी सासूबाई विचारत, "अगं, एवढी त्यातच बुडालेली असतेस, मग चांगलं कुठलं ते तरी सांग." ती म्हणे, "आई, मला डब्या कळतात, चेहरे नाही कळत." ही काही थट्टा नव्हती. चेहरे बघायचं काम खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचं होतं. काटेताईच्या टेबलावर यायच्या त्या फक्त नंबर घातलेल्या डब्या.

त्या वर्षी एका कंपनीचं रेटिनॉलचं क्रीम आलं होतं. रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. कातडीवरच्या बारीक रेघा त्याने कमी होतात, पण जरा जास्त झालं की तीच कातडी लाल होते, चुरचुरते. या क्रीममध्ये ते हजार भागांत तीन भाग होतं. चाळीस बायका निवडल्या होत्या, पंचेचाळीस ते पासष्ट वयाच्या. वीसजणींना खरं क्रीम, वीसजणींना नुसता बेस, म्हणजे रेटिनॉल सोडून बाकी सगळं. रंग, वास, डबी, सगळं हुबेहूब तेच. कुणाच्या वाट्याला काय आलं, हे त्या बायकांनाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही. ती यादी होती काटेताईच्या कपाटात, कुलूपबंद. तीन महिने रोज लावायचं, दर चार आठवड्यांनी येऊन चेहरा दाखवायचा, उरलेली डबी परत करायची आणि नवी न्यायची.

पहिल्या चार आठवड्यांच्या डब्या सरळ निघाल्या. आठव्या आठवड्याच्या डब्या आल्या, आणि चौदा नंबरच्या डबीत रेटिनॉल सापडलं.

चौदा नंबर म्हणजे बेस. त्यात रेटिनॉल सापडायला नको होतं.

यंत्राच्या पडद्यावर सरळ रेघ धावते आणि एखादा घटक आला की रेघेला उंचवटा येतो. त्याला ते लोक पीक म्हणत. "पीक आलं का?" "आलं, पण यंदा बारीक आहे," असा शेतकऱ्यांसारखा संवाद तिथे दिवसभर चाले. चौदा नंबरचं पीक भरघोस आलं होतं. काटेताईने यंत्र धुऊन काढलं, नवा नमुना घेतला, पुन्हा चालवलं. पीक जिथल्या तिथे. हजारात दीड भाग.

"आधीच्या नमुन्याचं राहिलं असेल आत," हाताखालची मुलगी म्हणाली.

"राहिलं असतं तर चिमूटभर राहिलं असतं. हे दीड आहे."

मग तिने सगळ्याच डब्या ओळीने पुन्हा तपासायला घेतल्या. दोन दिवस गेले. अडतीस डब्या ठीक होत्या. एकतीस नंबरमध्ये तीन भाग असायला हवे होते. तिथेही निघाले दीड.

आता काटेताईची झोप नाही, पण भूक मात्र उडाली. तीन महिन्यांचं काम, चाळीस बायका, आणि चूक आपल्याच खोलीतली निघाली तर? तिने राखून ठेवलेल्या मूळ डब्या काढल्या. त्या बरोबर होत्या. उजेडाने रेटिनॉल मरतं, म्हणून एकतीसची डबी उन्हात राहिली असेल म्हणावं, तर मग चौदामध्ये ते उगवलं कुठून? एकीतलं निम्मं गेलं आणि दुसरीत निम्मं आलं. दूधवाल्याने एका घरचं दूध दुसऱ्या घरी ओतावं तसं.

ती साहेबांकडे गेली. साहेबांचा स्वभाव वाईट नव्हता, पण त्यांना कुठलीही अडचण वहीतून खोडून टाकण्याजोगी वाटे.

"दोन नंबर वगळा," ते म्हणाले. "वैयक्तिक कारणाने सोडलं असं लिहा. चाळिसात दोन म्हणजे काय, दर्यात खसखस."

"कारण वैयक्तिक आहे हे कळू तरी द्या, मग लिहीन."

साहेबांनी हात जोडले. म्हणजे होकारच होता.

नियम असा होता की बायकांशी बोलायचं झालं तर डॉक्टरांनी बोलायचं. पण डॉक्टरांना डब्यांतलं काही सांगायचं नाही, हाही नियमच. तेव्हा काटेताईने स्वतःच दोघींना निरोप धाडला. एकीला मंगळवारी अकराला, दुसरीला साडेअकराला. पत्ते वेगळे होते. अकराला पाच मिनिटं असताना खालून फोन आला, "ताई, तुमच्या दोघी आल्यात. एकत्रच."

दोघी आत आल्या. एक त्रेसष्ट वर्षांची, उंच, हातात दोघींची मिळून एकच पिशवी. दुसरी बावन्नची, गोल चेहऱ्याची, आल्या आल्या खुर्चीच्या कडेवर टेकलेली. एकोणीस वर्षांत काटेताईने डबीमागचा चेहरा इतक्या जवळून पाहिला नव्हता.

"तुम्ही ओळखता एकमेकींना?"

"ओळखते म्हणजे," थोरली म्हणाली, "एकतीस वर्षं एका चुलीवर काढलीत. ही माझी धाकटी जाऊ."

दोघींचं मिळून पडदे शिवण्याचं दुकान होतं. थोरलीने दुकानाचा पत्ता दिला होता, धाकटीने घराचा. फॉर्मवर 'घरातलं आणखी कुणी यात आहे का' असा प्रश्न होता. त्यापुढे दोघींच्या वतीने धाकटीनेच ठसठशीत 'नाही' लिहिलं होतं.

काटेताईने शक्य तितक्या साध्या शब्दांत विचारलं. डब्यांमध्ये काही अदलाबदल झाली का? चुकून, घाईत?

थोरली म्हणाली, "छे. माझी डबी माझ्या आरशापाशी, हिची हिच्या."

धाकटी पदराच्या टोकाची घडी घालत राहिली. घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"अगं, बोल की," थोरली म्हणाली.

"मी मिसळल्या."

"काय मिसळलंस?"

"डब्या. जाऊबाई, तुम्ही त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेला होतात ना, तेव्हा. दोन्ही नव्या डब्या पातेल्यात काढल्या, चमच्याने घोटल्या आणि स्वयंपाकाच्या काट्यावर तोलून पुन्हा भरल्या. बरोब्बर पन्नास-पन्नास ग्रॅम."

काटेताईच्या तोंडून निघून गेलं, "किती वेळ घोटलंत?"

"असेल अर्धा तास. का हो?"

"काही नाही." एकीत एक पूर्णांक अठ्ठेचाळीस, दुसरीत एक पूर्णांक एक्कावन्न निघालं होतं. इतकं एकजीव तिच्या हाताखालच्या माणसांनाही जमत नसे.

मग धाकटीने सगळं सांगितलं, आणि ते काटेताईकडे कमी आणि जमिनीकडे जास्त बघत सांगितलं. वर्षाच्या सुरुवातीला दुकानात एक बाई आली होती. माप देता देता तिने थोरलीकडे बोट करून धाकटीला विचारलं होतं, "या तुमच्या आई का?" त्या दिवशी जाऊबाई जेवल्या नाहीत नीट. चार दिवस गप्प होत्या. म्हणून मग धाकटीने ही जाहिरात पाहिली तेव्हा दोघींची नावं घातली. पण झालं भलतंच. पहिल्या महिन्यात धाकटीच्या डोळ्यांखालच्या रेघा पुसट झाल्या, थोरलीच्या होत्या तशाच. "म्हणजे मी यांना चार वर्षं मागे आणायला निघाले, आणि स्वतःच चार वर्षं मागे पळाले. आता तर कुणीही आईच म्हणेल! मला माझ्याच तोंडाकडे बघवेना. म्हटलं, जे आहे ते निम्मं निम्मं."

थोरली जावेकडे वळली.

"त्या बाईने आई म्हटलं म्हणून मी जेवले नाही असं वाटलं तुला?"

"मग?"

"थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. आरसा आहे माझ्याकडे. पण अगं, तू एकविसाची होऊन घरात आलीस. भात करपवायचीस आणि माझ्यामागे लपायचीस. तुझी दोन्ही बाळंतपणं मी काढली. आणि ती बाई आई म्हणाली, तर तू कशी फटकन म्हणालीस, 'नाही नाही, छे! आई कुठली!' कुणी शिवी दिल्यासारखं. ते लागलं मला."

धाकटीचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून घाईने म्हटलं."

"एकतीस वर्षं झाली, अजून विचारायचं काही तुला सुचत नाही. पातेलं घेऊन बसतेस." थोरलीने पिशवीतून रुमाल काढला आणि तो जावेपुढे धरला. "पूस. बाईंच्या खोलीत रडू नकोस, त्यांच्या बाटल्यांत पडेल."

धाकटी रडता रडता हसली. काटेताईने उगाचच एक रिकामी बाटली उचलून दुसरीकडे ठेवली. तिला एरवी असलं काही बघायची सवय नव्हती.

"माझ्यात नुसताच बेस होता ना?" थोरलीने जाता जाता विचारलं.

"ते मला आत्ता सांगता येत नाही. शेवटी सगळ्यांना पत्र जाईल."

"बरं. नका सांगू. मिसळल्यावर आठवडाभर नाक जरा चुरचुरलं, एवढं लिहून ठेवा. पुढे काही झालं नाही."

"माझेही आधी गाल लाल व्हायचे," धाकटी म्हणाली, "ते मिसळल्यापासून थांबलं."

हे शेवटचं वाक्य काटेताईच्या डोक्यात राहिलं. ती संध्याकाळपर्यंत डॉक्टरांचे कागद चाळत बसली. खऱ्या क्रीमच्या वीसजणींपैकी सातजणींचे चेहरे लाल झाले होते, दोघींनी डबी परत करताना पुढची नको म्हटलं होतं. आणि डॉक्टरांनी, ज्यांना यातलं अवाक्षर माहीत नव्हतं, चौदा आणि एकतीस दोन्ही नंबरांपुढे आठव्या आठवड्याला लिहिलं होतं: रेघा कमी, लाली नाही.

तिने अहवालात जे झालं ते झालं तसं लिहिलं. दोघी एका घरातल्या निघाल्या, डब्या मिसळल्या गेल्या, म्हणून दोघींचे आकडे वगळले. आणि खाली एक सूचना लिहिली: निम्म्या प्रमाणाचं क्रीम करून वेगळी चाचणी घ्यावी.

साहेबांनी ते वाचून चष्मा काढला. "दोन बायकांनी पातेल्यात घोटलं, त्यावरून?"

"दोघींवरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून तर तपासायचं म्हणते. सिद्ध झालं असतं तर कशाला तपासलं असतं?"

"आणि कंपनीला काय सांगू? वेळ जाईल."

"सांगा की सातजणी लाल झाल्या. त्या विकत घेणाऱ्या असत्या तर डबी परत घेऊन दुकानात गेल्या असत्या."

कंपनीने कुरकुर केली, दोन आठवडे उत्तरच दिलं नाही, आणि मग हो म्हटलं. नव्या साठजणी निवडल्या. या वेळी पत्ते काटेताईने स्वतः ताडून पाहिले. एकाच गल्लीतल्या दोन मैत्रिणी सापडल्या, त्यांतली एक गाळली. तीन महिन्यांनी डॉक्टर आकड्यांचा कागद हातात नाचवत वर आले. निम्म्या प्रमाणाने रेघा जवळजवळ तितक्याच कमी झाल्या होत्या. थोडा वेळ जास्त लागला होता एवढंच. लाल झाली होती एकच. "ही कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं.

"एका पडदेवालीची," काटेताई म्हणाली, आणि त्यांना बसवून पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. डॉक्टर इतके हसले की हाताखालची मुलगी दारातून डोकावून गेली.

क्रीम बाजारात गेलं ते निम्म्या प्रमाणाचं. डबीवर 'दहा वर्षांनी तरुण' असं छापायचं घाटत होतं. काटेताईने सहा पानांचं उत्तर लिहिल्यावर ते 'बारीक रेघा कमी दिसतात' यावर आलं. साहेब म्हणाले, तुमच्या हातात असतं तर तुम्ही डबीवर 'बहुतेक' असंही छापलं असतं. ती म्हणाली, असतं.

पहिल्या चाचणीतल्या सगळ्यांना पत्रं गेली, कुणाच्या डबीत काय होतं ते सांगणारी. त्यानंतर आठवड्याने धाकटीचा फोन आला.

"जाऊबाईंनी पत्र फोडलंच नाही. म्हणतात, मला ठाऊक आहे. मी मात्र चोरून वाचलं."

"मग आता काय लावता दोघी?"

"दिवसा उन्हाचं क्रीम. बाकी काही नाही. त्यांना रात्री लावायचं आठवत नाही आणि मला कंटाळा येतो." मग जरा थांबून, आवाज खाली आणून ती म्हणाली, "परवा बँकेत त्या कारकुनाने विचारलं, या कोण तुमच्या. मी म्हटलं, तुम्हीच विचारा त्यांना."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, भागीदार."

काटेताई हसली. पलीकडून शिवणयंत्राचा आवाज येत होता आणि कुणीतरी मागून ओरडत होतं की फोन किती वेळ, गिऱ्हाईक उभं आहे. तिने फोन ठेवला, हातमोजे चढवले आणि सकाळी आलेल्या नव्या क्रीमची डबी काट्यावर ठेवली. आकडा स्थिर होईपर्यंत ती थांबली.