मिठाचा ट्रक आणि मी

थांबा मित्रांनो! दप्तरे आधी खाली ठेवा. घाबरू नका, मी एक जुनी लोखंडी सळई आहे, आता कोणाच्या दप्तरात घुसत नाही. पण इतकी वर्षे जकात नाक्यावर काढली, की बांधलेली पिशवी दिसली की संशय येतोच. सवय जात नाही.

आंधळगावच्या या घरात तुम्ही कोशाचे रेशमी कापड कसे विणतात ते बघायला आलात. सगळ्यांनी मागाकडे बघितले, माझ्याकडे कोणीच नाही. भिंतीवर आडवी टांगलेली, सुताच्या लडी अंगावर घेऊन वाळवणारी ही काळी सळई इथे आली कशी, हे विचारावेसे कोणालाच वाटले नाही. म्हणून मीच सांगते.

मूळची मी चिखल्याच्या खाणीतला एक टाकाऊ गज. भंगारातून मला गोमाजी लोहाराने उचलले, भट्टीत तापवले, ठोकून ठोकून टोक काढले आणि मागे लाकडी मूठ बसवली. मला नाकेदाराच्या हाती देताना तो म्हणाला, "घ्या जी. लोखंड कोणाचं तोंड पाहून घुसत नाही." मला त्याचा फार अभिमान वाटला. हे साल असेल बहात्तर-त्र्याहत्तर.

बाजाराच्या एका मोठ्या गावाच्या वेशीवर माझा नाका होता. बाहेरून गावात विकायचा माल आणला की त्यावर जो कर द्यावा लागे, त्याला जकात म्हणत. त्यातून रस्ते होतात, दिवे लागतात, असे सांगत. रस्ते झालेही, पण पहिला झाला तो हिरालालशेठ कापडवाल्याच्या दुकानासमोर. मला तेव्हाच संशय आला होता.

माझे काम एकच. पोते, गाठोडे, टोपले, बैलबंडीतले भाताचे तणस, ज्यात म्हणाल त्यात घुसायचे आणि आत काय आहे ते सांगायचे. नाकेदार श्यामराव मला तेल लावायचे. आणीबाणीत एक मोठे साहेब आले, त्यांनी मला हातात घेऊन वाखाणले. नाक्याची शान म्हणाले.

पण मित्रांनो, एक गोष्ट मला खटकत होती. मी सदा टोपल्यांत आणि गाठोड्यांतच का घुसते? बाजाराच्या दिवशी हिरालालशेठचा ट्रक यायचा, ताडपत्री घट्ट बांधलेला. ड्रायव्हर आतूनच ओरडायचा, "मीठ!" मिठावर जकात नव्हती. श्यामराव लगेच रस्त्यावरचा आडवा बांबू वर करायचे. आता तुम्हीच सांगा, मिठाने भरलेला ट्रक कसा चालेल? खड्ड्यात दबेल, कण्हेल. हा मात्र उड्या मारत यायचा. मला सगळे कळत होते. पण सळईला स्वतःहून उठता येत नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. कुंताबाई नाक्यावर आली. डोक्यावर मुरमुऱ्यांचे टोपले. ही आंधळगावची. नवरा सोमाजी मागावर बसायचा आणि ही मांडीवर घासून कोशाचे सूत काढायची. दोघांनी वर्षानुवर्षे हिरालालशेठने दिलेल्या मालावरच मजुरी केली होती. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी शेळ्या विकून स्वतःचे कोसे, म्हणजे रेशमाचे कोष, घेतले आणि स्वतःची साडी विणली. ती विकली तर पुढचे कोसे येणार होते आणि शेठच्या दारात पुन्हा उभे राहावे लागणार नव्हते.

श्यामरावांनी बघितले, की बाई मुरमुऱ्यांचे हलके टोपले दोन्ही हातांनी धरून चालते आहे. त्यांनाही संशय आला.

"टोपल्यात काय आहे व बाई?"

"मुरमुरेच होत जी."

त्यांनी मला उचलले. मुरमुऱ्यांत मी कुरकुर करत गेले आणि मग एकदम मऊ लागले. हाताला अडले म्हणून त्यांनी आणखी जोर केला. बाहेर आले तेव्हा माझ्या टोकाला सोनेरी धागा होता.

मुरमुऱ्यांखाली साडी होती, घडी घातलेली. जितक्या घड्या, तितकी भोके.

तिने साडी लपवली होती, हे खरे. मागे एकदा तिने शेजाऱ्यांचे कापड रीतसर जकात भरून विकायला नेले, ते विकले गेले नाही, आणि परत जाताना भरलेला पैसा काही मिळाला नाही. तेव्हापासून ती धास्तावली होती. श्यामराव म्हणाले, "दंड भर, नाही तं कापड जप्त करतो."

"कापड आता राह्यलं कुठी जी?" ती म्हणाली.

भोकांच्या कापडावर काय दंड घेणार? श्यामरावांनी मोठ्या मनाने तिला सोडून दिले. ती बाजूच्या दगडावर बसली आणि साडी गुडघ्यांवर पसरून एकेका भोकातून बोट फिरवू लागली. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात ट्रक आला, उड्या मारतच. त्या दिवशी खुद्द हिरालालशेठ ड्रायव्हरजवळ बसले होते. "मीठ!" ड्रायव्हर ओरडला. बांबू वर जाऊ लागला.

कुंताबाई उठली. भिंतीला टेकवलेल्या मला तिने उचलले.

"ए बाई, काय करून राहिली?" श्यामराव धावले.

"काई नाही जी. मिठाले काई भोक पडत नाही. पाहू द्या नं मले, शेठजीचं मीठ किती खारट आहे तं!"

तिने मला ताडपत्रीत खुपसले. शेठ दार उघडून ओरडले, "अवो थांब, थांब! कापड फाटन नं माहं!"

बोलून गेले आणि घाईने दार ओढून घेतले. बाजाराला चाललेली माणसे जागच्या जागी उभी राहिली. मग एक म्हातारी खो खो हसली, आणि सगळा नाका हसला. इतक्या लोकांसमोर श्यामराव काय करतील? ताडपत्री सोडावी लागली. आत कापडाचे गठ्ठेच गठ्ठे. त्या दिवशी शेठने पूर्ण ट्रकाची जकात भरली. गोमाजी तिथे असायला हवा होता, असे मला फार वाटले.

तुम्हाला वाटेल, आता सगळे सुधारले. मलाही वाटले होते. आठवडाही गेला नाही, वरून हुकूम आला की सळई मारल्याने व्यापाऱ्यांच्या मालाचे नुकसान होते, ती बंद करावी. इतकी वर्षे टोपल्यांतला माल फाटत होता, तेव्हा नुकसान कोणाला दिसले नव्हते. पुढे ट्रकवाल्यांना नुसते विचारू लागले, आणि बायांना टोपले रस्त्यावर पालथे करायला लावू लागले. धुळीत सांडलेले मुरमुरे मी नाक्यामागच्या गवतात पडून बघत होते.

तिथून मला कुंताबाईने उचलून घरी आणले. हिरालालशेठने तिला मजुरीचे काम देणे बंद केले. सोमाजीने दोन हंगाम हमाली केली. तिने साडीचे प्रत्येक भोक आपल्याच सुताने रफू केले आणि ती शाळेतल्या निर्मलाबाई गुरुजीनबाईंना अर्ध्या किमतीत विकली. आलेल्या पैशात थोडेसे कोसे आले. साडीचे सूत पुरले नाही, म्हणून उपरणी विणली. आज अठ्ठ्याऐंशी साल आहे, माग चालू आहे, आणि त्यावर सूत यांचे स्वतःचे आहे.

मित्रांनो, तुमच्यातला कोणी उद्या नाकेदार होईल, कोणी साहेब. माझी एखादी बहीण तुमच्या हाती येईल. गोमाजी खरे बोलला होता, लोखंड तोंड पाहत नाही. तोंड पाहतो तो हात. तेव्हा आधी ट्रकाकडे जा. टोपलीकडे मग या, आणि आलात तर हळूच या. कर सगळ्यांनी भरावा, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण कर भरणारा कोण आणि चुकवणारा कोण, हे मालाच्या मालकाचे कपडे बघून ठरवू नका.

ऐकलेत? बाहेर रस्त्यावर ट्रक आला. बघा कसा उड्या मारत चालला आहे. माग थांबला. कुंताबाई कान देऊन ऐकते आहे.

"मीठ चाललं वाटते," ती म्हणते. आणि उठून माझ्या अंगावरच्या लडी एकेक करून उतरवते आहे.