माझ्या नळ्यांतलं लाल पाणी

मित्रांनो, माझे नळ आता गंजून घट्ट झालेत, पण माझ्या काचेच्या नळ्यांकडे नीट पाहिलंत तर लाल रंगाचा डाग अजून दिसेल. मी कॉलेजातलं एक जुनं पाण्याचं यंत्र आहे. लोक कमावतात कसे, साठवतात किती आणि उडवतात कुठे, हे मी लाल पाणी खेळवून दाखवायचो.

मला घडवलं अर्थशास्त्राच्या बाईंनी, आणि नळ बसवले त्यांच्या प्लंबर भावानं. काम संपल्यावर घाम पुसत त्यानं विचारलं, "ताई, हे पाणी शेवटी जातं कुठे?"

"जिथून आलं तिथेच."

"मग एवढा खटाटोप कशाला केला मी?"

काय दिवस होते ते! माझ्याभोवती मुलांची नुसती झुंबड उडायची. बाईंची एकच इच्छा होती, मला विज्ञान प्रदर्शनात जागा मिळावी. पण जागा देणं होतं फिजिक्सच्या सरांच्या हातात, आणि सरांच्या मते अर्थशास्त्र म्हणजे शास्त्रबिस्त्र काही नाही, नुसत्या गप्पा. शेवटी पैज लागली: बाईंचा एक अंदाज खरा ठरला तर मला जागा. शनिवारी कँटीनमध्ये कॉफी अर्ध्या किमतीत मिळणार होती. बाईंनी माझा एक नळ मोकळा सोडला, पाणी कुठवर चढतं ते पाहिलं आणि भर वर्गात सांगून टाकलं की रांग फाटकापर्यंत जाणार.

शनिवारी कँटीनमध्ये शुकशुकाट! एवढी रांग असणार म्हटल्यावर जातंय कोण? सरांनी अख्खी स्टाफरूम हसवली.

बाई रुसून बसल्या नाहीत. का आला नाहीत, असं एकेकाला विचारत फिरल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी पुन्हा कॉफी स्वस्त करायला लावली, आणि या वेळी अंदाज फक्त सरांना सांगितला. रांग फाटकाबाहेर गेली. शेपटाला कोण? माणसं मोजायला आलेले सर, हातात रिकामा कप घेऊन!

"माझ्या प्रयोगातल्या गोळ्याला आधी काहीही सांगा, उतारावरून तो तसाच घरंगळतो," सर कुरकुरले.

"तुमच्या गोळ्याला कान नाहीत, सर. माझ्या माणसांना आहेत. म्हणून चुकलं की मला पुन्हा मोजावं लागतं."

बाह्या सरसावून सरांनी प्रदर्शनात न्यायला माझी एक बाजू उचलली. त्या वर्षी चुंबक आणि दुर्बीण यांच्या मधोमध मी ऐटीत उभा होतो.

पुढे बाई निवृत्त झाल्या, कॉम्प्युटर आले आणि मी अडगळीच्या खोलीत आलो. भंगारवाला मला न्यायला आला की सर आडवे यायचे. आता तेही येत नाहीत.

मित्रांनो, कधी इकडे आलात तर माझ्या काचा पुसा, नळांना थोडं तेल द्या. आणि कुणाचा अंदाज चुकला तर लगेच हसू नका. पुढच्या शनिवारी तो काय करतो, तेवढं पाहा.