जाळीला बघायला कोण येतं

मित्रांनो, मी व्हॉलीबॉलची एक जुनी जाळी आहे. चेंडूचं कौतुक होतं, खेळाडूचं होतं, पण जाळीला हार घातलेला कोणी पाहिलाय का? त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत टेकबहादूर नावाचा नेपाळी चौकीदार होता. त्यानं मला यवतमाळच्या दुकानातून आणलं आणि तो राखायचा त्या गोदामामागच्या तांड्यात दोन बांबूंना बांधलं. त्याच्या मुलखात हा खेळ जीव की प्राण. तो सांगायचा, बायकांचा सामना असला तरी गाव लोटतं, माणसं झाडांवर चढून बसतात. "आता आमच्याकडे क्रिकेटचंही येड आहे," तो म्हणायचा, "पण हरलं तरी लोक येतात. खेळणाऱ्याला घरापर्यंत सोडतात." तांड्यातली माणसं हसायची. हरणाऱ्याच्या मागे जायला कोणाला वेळ आहे?

त्याच्या हाताखाली तांड्यातल्या सहा पोरी तयार झाल्या. धरमसिंगची संगीता सगळ्यांत तरबेज. ती उडी मारून चेंडू हाणायची तेव्हा मी वरच्या दोरीपासून खालच्या दोरीपर्यंत थरथरायचे, आणि खरं सांगते, मला अभिमान वाटायचा. दारव्ह्याच्या स्पर्धेत पोरी जिंकल्या, हे त्या परत आल्यावर मला कळलं. त्या दिवशी बघायला टेकबहादूर एकटाच होता. टाळ्या मात्र त्यानं दहा माणसांएवढ्या वाजवल्या. पुढे त्याची आई आजारी पडली, तो गावी गेला आणि परत आला नाही.

मग निरोप आला. क्रीडा वसतिगृहासाठी पोरी निवडायला एक मॅडम रविवारी तांड्यातच येणार होत्या. निवड झाली तर राहणं, जेवण, शिक्षण, सगळं तिथंच. संगीताला वयाच्या अटीत बसण्याचं ते शेवटचं वर्ष होतं.

नेमका त्याच रविवारी शेजारच्या देशाशी क्रिकेटचा सामना. सकाळीच धरमसिंगनं ओट्यावर मोठा टीव्ही मांडला. दुपारनंतर त्याच्या मागून पश्चिमेचं ऊन बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर येणार, म्हणून मला सोडून टीव्हीच्या मागे ताणलं आणि माझ्यावर सतरंज्या टाकल्या.

"बा, मॅडम येऊन राह्यल्या ना आज," संगीता म्हणाली.

"म्याचच्या दिवशी कोन येते व? तेबी टीव्हीपुढंच बसली असन. आली त देऊ काढून."

धरमसिंग वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. पोरीला बूट घेऊन द्यायला तो मजुरी बुडवून यवतमाळला पायी गेला होता. पण सगळं जग आपल्यासारखंच टीव्हीपुढे बसलं असेल, अशी त्याची खात्री होती.

मॅडम साडेचारला आल्या.

दोन सतरंज्यांच्या फटीतून मला सगळा तांडा दिसत होता. दोनशे तोंडं माझ्याकडे वळलेली. एवढी माणसं बघायला यावीत म्हणून मी वर्षानुवर्षं झुरले होते, आणि आज ती आली होती. त्यांतला एकही डोळा माझ्यावर नव्हता. कडेला सहा पोरी आंघोळी करून, वेण्या घट्ट घालून उभ्या होत्या.

"बा, जाळी दे ना काढून."

"पाच ओव्हर थांब पोरी. ऊन येते डोळ्यावर."

पाच ओव्हर झाल्या. मागून कोणी ओरडलं, "अजून दोन." संगीता माझ्या गाठीला हात घालू लागली तर चार जण अंगावर आले. ती बापाकडे बघत राहिली. बाप टीव्हीकडे बघत होता. मॅडमनी तासभर वाट पाहिली. जाळीशिवाय पोरींना चार चेंडू टोलवायला लावले, वहीत काही लिहिलं आणि अंधार पडायच्या आत त्या मारेगावच्या वाटेला लागल्या. तिथल्या पोरी निवडीसाठी थांबल्या होत्या.

ऊन उतरल्यावर धरमसिंगनं मला स्वतःच्या हातानं सोडलं आणि म्हणाला, "घे, खेळा आता." संगीतानं मला हातात घेतलं नाही. सामना आपण जिंकलो होतो. रात्रभर फटाके वाजले.

वसतिगृहाच्या यादीत संगीताचं नाव आलं नाही. त्या रविवाराला आता तीन वर्षं झाली. बांबू कुडाला गेले, मी शेळ्यांच्या वाड्याला. परवा संगीताच्या नव्या भावजयीनं मला बोट लावून विचारलं, "हे जाळी कायची हाय व?"

"शेळ्याइची," संगीता म्हणाली, आणि तिनं चारा टाकला. धरमसिंग दारातच बसला होता. त्यानं ऐकलं आणि मान खाली घातली.

मित्रांनो, जाळ्या जपा, असं मी सांगणार नाही. जाळी दुसरी मिळते. मोठ्या सामन्याला खुशाल ओरडा. पण तुमच्या घरातलं कोणी खेळत असेल तर त्याच दिवशी, त्याच वेळी जाऊन उभे राहा. खेळ कळला नाही तरी चालेल. दुसऱ्या दिवशी जाल, तर तिथे शेळ्या बांधलेल्या असतील.