कपाटाबाहेरची दोन बटणं

ऑफिसात तिला सगळे बटणवाली म्हणायचे आणि तिला त्याचा राग नव्हता. बटणंच तर बनवायची ती. औषधं घरपोच देणाऱ्या त्या कंपनीच्या ॲपमध्ये जे जे दाबता, लिहिता किंवा सरकवता येतं, ते एकदाच नीट बनवून एका सामाईक साठ्यात ठेवायचं आणि सगळ्या टीमनी तिथूनच उचलायचं, ही तिची डिझाइन सिस्टिम. साठ्याचं लाडाचं नाव कपाट. कपाटातलं एक बटण बदललं की साठ-सत्तर पानांवरचं ते बटण आपोआप बदलायचं. अट एकच होती, पान आणि कपाट यांच्यातला दुवा कोणी तोडायचा नाही.

ही अट लिहिली होती वकिलाने. तो काही खरा वकील नव्हता. तिच्यासारखाच डिझायनर, पण अर्ध्या दिवसाची रजा मागायची तरी तीन मुद्द्यांत मागायचा, म्हणून वकील. कपाट दोघांनी मिळून उभं केलं, एका टेबलावर, चार वर्षं. पुढे त्याला ऑर्डरच्या पानांची टीम मिळाली आणि ती कपाटापाशी राहिली. बाकीच्या टीम घाई असली की गुपचूप दुवा तोडून आपल्या मनाचं बटण बसवायच्या आणि पकडलं की वर तिलाच शहाणपण शिकवायच्या. अशा वेळी भर मीटिंगमध्ये वकील उठून सांगायचा, की आमच्याकडे बघा, आमचं शंभर टक्के कपाटातलं. दर महिन्याला तो आकडा ती साहेबांना मोठ्या तोऱ्यात दाखवायची. इतरांची पानं ती उघडून तपासायची, त्याची कधीच नाही. त्याच्यावर कसला पहारा ठेवायचा?

घरीही तो घरचाच होता. तिच्या आईला काकू म्हणायचा आणि न विचारता फ्रिज उघडायचा. आईचा हात थरथरायला लागला तेव्हा तो समोरच बसला होता. त्याच ॲपवरून रक्तदाबाच्या गोळ्या मागवताना आईचं बोट ‘नक्की करा’वर जायला निघायचं आणि शेजारच्या ‘रद्द करा’वर पडायचं. त्या महिन्यात तिने चार दिवस गोळ्यांशिवाय काढले आणि लेकीला पत्ता लागू दिला नाही. शेवटी चक्कर येऊन पडली, तेव्हा कळलं. वकिलाने आईचा फोन हातात घेऊन ती दोन बटणं बराच वेळ न्याहाळली होती. बटणवालीने नवी बटणं कोणत्या सोमवारी येणार ते सांगितलं, तेव्हा तोच हसून म्हणाला, “काकू, त्या सोमवारपासून चुकून दाखवा बरं.”

बटणवालीने तीन आठवडे त्या दोन बटणांवर जीव टाकला. मध्ये चांगलं बोटभर अंतर ठेवलं, ‘नक्की करा’ ऐसपैस केलं, ‘रद्द करा’ वेगळ्या रंगात खाली नेलं. थरथरत्या हातांच्या नऊ माणसांकडून दाबून घेतलं. सोमवारी सकाळी कपाटातलं बटण बदललं आणि इतर टीमचं एकेक पान बदलताना बघत बसली. दुपारी आईचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती, ओशाळेपणा होता. “अगं, पुन्हा रद्द झालं बघ. माझंच काहीतरी चुकत असेल.”

तिने ऑर्डरचं पान उघडलं. दोन्ही बटणं पूर्वीसारखी एकमेकांना खेटून बसलेली. आधी तासभर तिने स्वतःच्याच कामात चूक शोधली. मग त्या पानाचा जुना इतिहास काढला. दुवा तुटला होता दोन वर्षांपूर्वी, वकिलाला टीम मिळाली त्याच आठवड्यात. त्यानंतर तिने कपाटात अकरा बदल केले होते. प्रत्येक वेळी एक-दोन दिवसांत त्याच्या पानावर तोच बदल हाताने करून ठेवलेला. रंग, अक्षरांची उंची, कोपऱ्यांची गोलाई, सगळं हुबेहूब. या वेळी ते अजून व्हायचं होतं.

ती त्याच्या टेबलाशी गेली. त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

“पहिल्याच आठवड्यात तू कोपरे बदललेस आणि माझं पान दुपारभर वाकडं झालं,” तो म्हणाला. “तू कपाटात हात घातलास की आता काय मोडेल, हेच डोक्यात यायचं. तुझ्या भरवशावर नाही ठेवू शकलो मी पान.”

“मग मीटिंगमध्ये शंभर टक्के कशाला म्हणायचास?”

“तू एकटी पडली असतीस.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला संताप आला. सरळ भांडला असता, कपाट मोडीत काढ म्हणाला असता, तर तिने ऐकून घेतलं असतं. त्याने दोन वर्षं तिची समजूत काढली होती, लहान मुलाला खेळात मुद्दाम जिंकू द्यावं तशी. आणि ती त्या जिंकण्यावर मिरवत होती.

तो म्हणाला, पाच मिनिटांत करून देतो. कपाट उघडून त्याने मापं बघितली आणि दुवा न जोडता आपल्या पानावर हातानेच तशी बटणं बसवली. सफाई अशी, की तिलासुद्धा फरक ओळखता येईना. हात बसला होता त्याचा. ती जागेवर आली, महिन्याच्या तक्त्यात ऑर्डरच्या पानांसमोर शून्य लिहिलं, मागचे सगळे आकडे खोटे होते अशी खाली ओळ टाकली आणि तक्ता साहेबांना पाठवला. साहेब आता कपाटाचं काय करतील याचा विचार करायची ताकद तिच्यात नव्हती.

संध्याकाळी घरी आली तर आई खुशीत होती. ऑर्डर पहिल्या फटक्यात गेली होती.

“मघाशी त्याचा फोन आला होता,” आई म्हणाली. “म्हणाला, काकू, आता करून बघा. किती लक्ष असतं गं त्याचं. रविवारी जेवायला बोलाव त्याला.”

तिने आईचा फोन हातात घेतला. मध्ये बोटभर अंतर, तिने ठरवलं होतं तेवढंच.

“नाही बोलावणार,” ती म्हणाली.

“का गं? भांडलात का?”

“नाही. भांडलो असतो तर बोलावलं असतं.”